चारशे सतरा नंबरचा बिल्ला

मोटवानींच्या दुकानात आम्ही सगळे मशीनच्या स्क्रीनवरचे हिरवे आकडे बघत होतो आणि माझे सासरे, बाबा, खाली मशीनच्या पायाशी उकिडवे बसले होते. चष्मा कपाळावर चढवून ते टेबलाला मारलेले नट हाताने हलवून बघत होते.

"काका, वर बघा ना," मोटवानी म्हणाले. "डिस्प्ले वर हाय. पूरा डिजिटल हाय."

"तो काय पळून चाललाय का," बाबा म्हणाले आणि बसल्या जागी दुसऱ्या नटाकडे सरकले.

उल्हासनगरातलं ते दुकान तसं ड्रिल, वेल्डिंग आणि पंपांचं. दर्शनी काचेत मात्र दोन लहान लेथ, लोखंड गरगर फिरवून कातायची यंत्रं, ठेवलेली. पांढरी, निळी, घरच्या मिक्सरसारखी चकचकीत. मी वही उघडून उभी होते. वहीत नऊ प्रश्न लिहून आणले होते. वजन किती, अर्थिंग कसं, आवाज किती, अचानक वीज जाऊन परत आली तर मशीन आपोआप सुरू होतं का, वगैरे. मी रसायनशास्त्रात बीएस्सी केलंय. लेथमधलं मला काही कळत नाही, पण पंधरा दिवस रोज दुपारी जिज्ञासा झोपली की मी मोबाईलवर लेथचे अपघात वाचत होते. बाही अडकलेली, ओढणी अडकलेली, केस अडकलेले. जिज्ञासा माझी मुलगी, चार वर्षांची. तिला ओढणी घ्यायला आवडते.

बाबा म्हणजे शंकरराव. चौतीस वर्षं अंबरनाथ एमआयडीसीत टर्नर, म्हणजे लेथवरचे कामगार. कंपनी बंद पडली त्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर आम्ही खरवईला या लहानशा रो-हाउसमध्ये आलो आणि बाबांच्या हातांना काम उरलं नाही. मग ते घरातल्या वस्तू मोजायला लागले. त्यांच्याकडे एक व्हर्नियर आहे, जबडा मागेपुढे सरकवून मिलीमीटरचा पन्नासावा भाग मोजणारी पट्टी. त्याने त्यांनी सासूबाईंच्या भाकरीची जाडी मोजली, माझ्या कुकरची शिट्टी मोजली. जिज्ञासाच्या दर वाढदिवसाला ते तिची करंगळी मोजतात आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने आकडा लिहितात. या वर्षी साडेआठ आला. ते साडेआठ मिलीमीटर माझ्या डोक्यातून जात नाहीत.

म्हणून लेथचं निघालं तेव्हा घरातले सगळे खूश झाले, मी सोडून. मागच्या अंगणात पत्रा टाकलेली खोली आहे, तिथे बसवायचं. शिलाई मशीनचे बुश, पंपाचे शाफ्ट, अशी बारीकसारीक कामं करायची. सम्यक, माझा नवरा, ठाण्याला नोकरीला. तो म्हणाला, "दिवसभर घरात तू असतेस. तू हो म्हणालीस तर घेऊ, नाही म्हणालीस तर विषय संपला." सासूबाई म्हणाल्या, "घ्या बाई. नायतर उद्या माझं नाक मोजतील."

आणि बाबा मला काहीच म्हणाले नाहीत. एका शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले आणि विचारलं, "संध्या, बघायला येतेस का? तुझी नजर चांगली आहे." जिज्ञासाला सासूबाईंपाशी ठेवून मी निघाले. मनात एकच होतं. नाही म्हणायचं, पण ते दुखावणार नाहीत असं कारण सापडलं पाहिजे.

मोटवानींच्या दुकानातल्या माणसाने चकमध्ये एक लोखंडी गज धरला. चक म्हणजे लेथची मूठ, तिच्यात काम पकडतात आणि ती गरगर फिरते. तिचे जबडे आवळायला इंग्रजी टी-च्या आकाराची एक चावी असते. त्या माणसाने चावीने चक आवळला, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून चावी तिथेच ठेवून तो वळला. बाबा मोटवानींशी बोलत होते. बोलणं न थांबवता त्यांनी हात पुढे केला, चावी काढली आणि बाजूच्या फळीवर ठेवली. माशी हाकलावी इतक्या सहज.

"राहिली तरी काय होत नाय काका," मोटवानी म्हणाले. त्यांनी चावी परत चकमध्ये घातली आणि चकवरचं पारदर्शक झाकण खाली ओढून दाखवलं. झाकण चावीला अडलं. "देखो. चावी आत हाय तर झाकण बसत नाय. झाकण बसला नाय तर मशीन चालूच होत नाय. सेफ्टी."

मी वहीत 'झाकण' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

"मशीन चुकत नाही म्हणून माणसानं चुकायचं?" बाबा म्हणाले. पण हसत म्हणाले.

मग त्यांनी झाकण बसवून स्वतः कट घेतला, म्हणजे गज थोडा कातून बघितला. मशीन सुरू झालं आणि हत्यार लोखंडाला टेकलं तसं ते अंगात आल्यासारखं थरथरायला लागलं. टेबल वाजायला लागलं. बाबा खाली वाकले, आणखी वाकले, झाकणाला नाक लागेल इतके, आणि श्वास रोखून चाक फिरवत राहिले. गज बाहेर काढला तर त्यावर बारीक लाटा उमटल्या होत्या. बाबांनी त्यावरून नख फिरवलं.

"पितळ करील," ते म्हणाले. "ॲल्युमिनियम करील. लोखंडाला जरा हलकं आहे अंगानं." मग माझ्या वहीकडे बघून म्हणाले, "पण चांगलं आहे. तुला पसंत असेल तर हेच घेऊ. झाकण आहे ना."

मला आनंद व्हायला हवा होता.

अजून एक जुनं लेथ बघायचं होतं. अंबरनाथपर्यंत रिक्षात मी त्यांना चावीचं विचारलं. ते सांगायला लागले. चावी चकमध्ये राहिली आणि मशीन सुरू झालं तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. समोर कोण आहे ते बघत नाही. त्यांच्या कंपनीत म्हणून एक रीत होती. चावी चकमध्ये सोडून ज्याचा हात निघाला, मग मशीन सुरू असो नसो, त्याने सगळ्या सेक्शनला चहा पाजायचा. कुणी ओरडायचं नाही, साहेबाला सांगायचं नाही. नुसता चहा यायचा आणि चहा आला की सगळ्यांना कळायचं.

"तुम्ही किती वेळा पाजलात?"

"एकदापण नाही," बाबा म्हणाले. "चौतीस वर्षं फुकटचा पीत आलो."

खिशातून त्यांनी एक पितळी बिल्ला काढून दाखवला. रुपयापेक्षा थोडा मोठा, वर भोक, मधे ठोकलेला आकडा, ४१७. तो मी घरी पाहिला होता, पण कशाचा ते विचारलं नव्हतं. कंपनीत महागाची हत्यारं एका जाळीच्या खिडकीतून मिळत. आपला बिल्ला द्यायचा, हत्यार घ्यायचं. तो बिल्ला तिथे खिळ्यावर टांगून ठेवत. हत्यार परत केलं की बिल्ला परत. कुणाचं काय कुणाकडे आहे ते भिंतीकडे बघून कळे. नोकरी संपताना बिल्ला जमा करायचा असतो. बाबा जमा करायला गेले तेव्हा खिडकीत माणूसच नव्हता. दोन दिवस जाऊन आले, मग खिशात ठेवला.

मोरिवलीला हरिचंद्रांचं घर कारखान्यांच्या कुंपणाला लागून आहे. हरिचंद्र मूळचे तिथलेच, कंपनीत बाबांच्या शेजारच्या मशीनवर वीस वर्षं होते. नंतर त्यांनी पडवीत स्वतःचं लहान लेथ टाकलं. आता गुडघे गेले, उभं राहवत नाही. मुलं दुसऱ्या नोकऱ्यांत. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता.

"ये रं शंकर," ते खुर्चीतूनच म्हणाले. "ही सून ना तुझी? बस गो बाय. ह्यो तुला उभी ठेवल, मशीन दिसली की ह्याला मानसं दिसत नाय."

लेथ गोणपाटाखाली होतं. उल्हासनगरच्या मशीनएवढंच लांब, तीन फूट, पण ओतीव लोखंडाचं, काळं, बुटकं, बसलेल्या म्हशीसारखं. रंग बहुतेक गेलेला. हात पडतात तिथे मात्र चांदीसारखं चमकत होतं. बाबांनी मला बोलावलं. म्हणाले, चकजवळच्या पट्टीवर नख फिरव, मग टोकाला फिरव. जिन्याची मधली पायरी झिजते तशी मशीन चकजवळ झिजतं, सगळं काम तिथेच होतं म्हणून. मी नख फिरवलं. मला फरक कळला नाही.

"नाही ना कळत?" बाबा म्हणाले. "मलापण नाही कळत. म्हणजे यानं नीट वापरलंय."

"मंग काय तुझ्यासारकी घासली असती," हरिचंद्र म्हणाले.

बाबांनी मशीन सुरू केलं. गूंऽ असा एकच, खालचा आवाज आला. त्यांनी गज धरला, चावी फळीवर ठेवली आणि कट लावला. निळसर लोखंडाची एक लांब सलग बट हत्याराखालून निघाली, वळत, धूर सोडत खालच्या ट्रेमध्ये पडत राहिली. खोबऱ्याचा कीस पडावा इतकी निवांत. मशीन जरासुद्धा हललं नाही. आणि मी बाबांकडे बघत होते. ते ताठ उभे होते. मशीनपासून हातभर लांब. एक हात चाकावर, दुसरा चक्क पाठीमागे. बागेत फिरायला आल्यासारखे.

त्यांनी मशीन थांबवून गजाची दोन्ही टोकं मोजली. सारखी. "बघ," ते म्हणाले, आणि व्हर्नियर माझ्यापुढे धरलं, मग हरिचंद्रांपुढे. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी क्वचित पाहिला होता. ते बोलतच होते, एकीकडे गज फिरवून उलटा धरला, चक आवळला, हरिचंद्रांना म्हणाले की आता दुसरी बाजू बघ, लोण्यासारखी निघते की नाही, आणि बोलता बोलता त्यांचा हात बटणाकडे गेला.

चावी चकमध्ये होती.

मी ओरडले नाही. का, ते मला माहीत नाही, एरवी जिज्ञासा खुर्चीवर चढली तरी मी ओरडते. मी साध्या आवाजात म्हणाले, "बाबा, चावी."

त्यांचं बोट बटणापासून इंचभरावर थांबलं.

बाबांनी हात मागे घेतला. चावी काढली. खिशातल्या रुमालाने ती वरपासून खालपर्यंत पुसली, पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं, आणि फळीवर ठेवली. मग बटणाकडे न बघता ते स्टुलावर बसले.

हरिचंद्र बाहेर रस्त्याकडे बघत होते. त्यांनी पाहिलं होतं की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नसतं.

"हरिचंद्र," बाबा म्हणाले, "चहा सांग. पैसे माझे."

"आरं घरात ठेवलाय चहा, पाव्हना तू..." हरिचंद्र म्हणायला लागले आणि थांबले. मग त्यांनी विचारलं, "किती सांगू?"

"सेक्शनमधे आहेत तेवढे."

सेक्शनमध्ये आता तीनच माणसं होती. कोपऱ्यावरच्या टपरीतून चहा आला. हरिचंद्रांनी बशीत ओतून फुर्र करत प्यायला आणि म्हणाले, साखर जास्त झाली. बाबा हो म्हणाले. बाबांचा कप हातात अजिबात हलत नव्हता, ते मी पाहिलं. हात चांगला होता. विसरले होते, एवढंच. आनंदात विसरले होते.

परतीच्या रिक्षात बदलापूर येईपर्यंत ते बिल्ला बोटांत फिरवत होते. खरवईच्या वळणावर म्हणाले, "उल्हासनगरचंच घेऊ. झाकणवालं." मग थोड्या वेळाने, "किंवा राहू दे. लहान पोरगी आहे घरात. तुझ्या मनात होतंच ना, मला कळत होतं. बरोबर होतं तुझं."

पंधरा दिवस शोधत होते ते कारण त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यापुढे ठेवलं होतं. मी नुसतं 'हं' म्हणायचं होतं. मी बाहेर बघत राहिले.

घरी जिज्ञासाने विचारलं, आजोबांचं मशीन कुठंय? बाबा म्हणाले, दुकान बंद होतं. ते तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलले असावेत. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघरात त्यांना सगळं सांगितलं, चावीचं आणि चहाचंसुद्धा. मला वाटलं त्या घाबरतील. त्या कोथिंबीर निवडत होत्या, निवडत राहिल्या.

"चहा पाजला का?" त्यांनी विचारलं.

"पाजला."

"मग बरं हाय," सासूबाई म्हणाल्या. "आपली चूक ज्याला दिसती त्याची भीती नसती. तुझ्या नवऱ्याला गॅस चालू ठेवला ते सांगितलं तर म्हणतो, मी नाय ठेवला."

त्या संध्याकाळी मी वही उघडली. नऊ प्रश्नांपुढे उल्हासनगरच्या मशीनची उत्तरं नीट लिहिलेली होती. मोरिवलीच्या मशीनपुढे काहीच नव्हतं. मी दोन्ही मशीन डोळ्यांपुढे आणली आणि मला मशीन दिसलीच नाहीत, बाबा दिसले. एकावर ते झाकणाला नाक लावून वाकलेले, श्वास रोखलेले, कारण ते मशीन थरथरतं आणि काम नीट व्हावं म्हणून माणसाला पुढे व्हावं लागतं. दुसऱ्यावर हातभर लांब, ताठ. जे मशीन स्वतः स्थिर आहे, त्याच्यावर माणूस लांब उभा राहतो. हे मोबाईलवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. जिज्ञासाला मी हलत्या स्टुलावर चढू देत नाही, भक्कम खुर्चीवर देते. तसंच हे.

मी अंगणात गेले. बाबा पत्र्याच्या खोलीत रिकाम्या जागेला टेप लावत होते. सवयीने. मला बघून टेप सोडली, ती सर्रकन आत गेली.

"बाबा, हरिचंद्रकाकांचं घेऊ," मी म्हणाले.

त्यांनी टेप खाली ठेवली.

"आणि झाकण मोटवानींकडून नुसतं आणू. झाकण आणि ते बसल्याशिवाय मशीन चालू न होऊ देणारं बटण. त्याच्यावर बसेल ना?"

"बसवता येईल," बाबा म्हणाले. "बिजागरी करावी लागेल. खालून एक पट्टी." ते थांबले. "पण संध्या, आज माझ्याकडून..."

"आज मी बघितलं म्हणून कळलं. उद्या मी स्वयंपाकघरात असेन. म्हणून झाकण." मग जे मनात रिक्षापासून घोळत होतं ते बोलले. "आणि चावी माझ्याकडे राहील. तुमच्या त्या खिडकीसारखी. काम करायचं तेव्हा माझ्याकडून न्यायची, झालं की आणून द्यायची. चावी नसेल तर तुम्ही चक आवळणार नाही, आणि मला कळेल की आत तुम्ही आहात, पोरीला तिकडे सोडायचं नाही."

सासऱ्याला असं सांगणं बरोबर की चूक, याचा मी बोलण्याआधी विचार करायला हवा होता. बाबांनी शर्टाच्या खिशात हात घातला, बिल्ला काढला, दोन्ही बाजू बघितल्या.

"रीतसर करायचं असेल तर मग याच्यावर," ते म्हणाले. "नुसती कुणाला चावी देत नसतात."

लेथ आलं तेव्हा चार माणसं लागली आणि हरिचंद्र टेम्पोत पुढच्या सीटवर बसून सूचना देत आले. उतरवताना त्यांनी मशीनवर हात ठेवला आणि बाबांना म्हणाले, सांभाळ रं. मशीन जमिनीला नीट टेकून पाणसळीत यायला बाबांना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्यावर पहिलं काम केलं. झाकणाच्या बिजागरीची पिन, सहा मिलीमीटर जाडीची. खोलीच्या दाराला माझ्या उंचीवर कडी बसवली. मी सांगितलं नव्हतं.

आता रोज साडेनऊला, सम्यक कामावर आणि जिज्ञासा बालवाडीत गेली की बाबा स्वयंपाकघराच्या दारात येतात. आत येत नाहीत, दारातच उभे राहतात, खिडकीपाशी उभे राहावं तसे. ओट्यावर बिल्ला ठेवतात.

"चकची चावी, एक," ते म्हणतात.

मी चमच्यांच्या स्टँडशेजारच्या हुकावरून चावी काढून देते आणि तिथे बिल्ला टांगते. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं, पण ते हसले नाहीत, म्हणून मीही हसले नाही. एकदा मी कणकेच्या हाताने चावी दिली तर त्यांनी ती परत केली आणि मी हात धुऊन येईपर्यंत थांबले. शनिवारी जिज्ञासा घरी असते तेव्हा बिल्ला टांगायचं काम तिचं. तिला खुर्चीवर उभं करावं लागतं. भक्कम खुर्चीवर. आजोबा तिला आपलं नाव विचारतात, मग बिल्ल्यावरचा नंबर विचारतात, मग म्हणतात, "बरोबर. लिहून घ्या."

मला काळजी वाटायची थांबलेली नाही. ती माझ्या स्वभावातच आहे. फक्त पूर्वी ती घरभर असायची, आता तिला एक जागा मिळाली आहे. मागच्या खोलीतलं मशीन सुरू झालं की त्याचा तो खालचा सूर भिंतीतून ओट्यापर्यंत येतो. कानाला जेमतेम कळतो. पण हुकावरचा बिल्ला बारीक थरथरायला लागतो, पितळ स्टीलला लागून किण किण करत. मी पोळ्या करत असते आणि नजर त्याच्यावर असते. ४१७ दिसतो, पुसटसा, हलता. तो हलतोय तोवर बाबा हातभर लांब, ताठ उभे आहेत.

काल साडेबाराच्या सुमाराला तो हलायचा थांबला. मी गॅस बारीक केला आणि वाट बघितली. अंगणात वरची कडी लागल्याचा आवाज आला, मग नळावर हात धुण्याचा. मी ताट वाढायला घेतलं.